अकरावीची विषयनिवड : तीन प्रश्न

दहावीचा निकाल लागला की घरोघर एक लहानशी सभा भरते. तीत वडील बोलतात, मामा बोलतात, शेजारचे निवृत्त गृहस्थही दोन शब्द सांगून जातात. जिचे विषय ठरायचे ती मुलगी मात्र पेढ्यांची बशी फिरवीत असते! या सभेत प्रश्न एकच विचारला जातो : ‘गुण किती पडले?’ श्रोतेहो, माझ्या मते हा प्रश्न तिसरा आहे.

पूर्वी महाराष्ट्रात शालान्त परीक्षा अकरावीला असे. १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि हा निर्णय पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांवर येऊन पडला. म्हणून पहिला प्रश्न हा की, कोणता विषय सोडला असता कोणती वाट बंद होते? जीवशास्त्र नसेल तर वैद्यकाची वाट अडते. गणित सोडले तर वास्तुशास्त्राची आणि अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांची वाट अडते. औषधनिर्माणशास्त्राला मात्र भौतिक व रसायन यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र, दोहोंपैकी कोणतेही चालते. याउलट कायदा व सनदी लेखापालाची परीक्षा यांना शाखेचे बंधन नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणत्याही शाखेचा बारावी उत्तीर्ण विद्यार्थी चालतो. नौदल व हवाईदल यांना मात्र भौतिक, रसायन आणि गणित लागते.

दुसरा प्रश्न आवडीचा. ती विचारून कळत नाही, कारण मुले आपल्याला रुचेल तेच उत्तर देतात. त्यापेक्षा प्रवेशापूर्वी ओळखीच्या मोठ्या विद्यार्थ्याकडून अकरावीची पुस्तके मागून आणावीत व प्रत्येकातील एकेक धडा मुलाला वाचू द्यावा. कोणते पुस्तक तो आपण होऊन पुन्हा उघडतो, तेवढे पाहावे.

गुणांची पाळी यानंतर. दहावीचे विज्ञान सर्वांना सारखेच. अकरावीत त्याचे भौतिक, रसायन, जीव असे स्वतंत्र विषय होतात. तेव्हा तेथील गुणांवरून पुढची गती पुरती कळत नाही.

‘आधी विज्ञान घ्या, मग बघू’ असे पुष्कळ जण म्हणतात. विज्ञानाकडून कला किंवा वाणिज्य शाखेकडे वळता येते, उलट जाणे कठीण, हे खरेच आहे. परंतु ज्याचे मन त्यात नाही, त्याची दोन वर्षे फुकट मिळालेली नसतात. नापास झाल्याची खूण तो मनावर वागवतो, आणि मग ज्या विषयात तो चमकला असता, तेथेही दबकत शिरतो.

कला आणि विज्ञान यांच्यात ताठर भिंत नसावी, असे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने म्हटले आहे. ती भिंत पडेल तेव्हा पडो. तोवर वडीलधाऱ्यांनी वाटा दाखवाव्यात, त्यांची किंमत सांगावी, आणि अर्ज भरण्याच्या वेळी पेढ्यांची बशी आपल्या हाती घेऊन मुलीला खुर्चीवर बसवावे.