जुन्या तबकडीतली पेटी

श्रोतेहो, आरंभी एक कोडे घालतो. फोनोच्या तबकडीच्या एका बाजूवर खाचा किती असतात? गुरुजींनी वर्गात विचारून पाहावे. कोणी शंभर म्हणेल, कोणी हजार. खरे उत्तर आहे एक! काठापासून निघून मधल्या कागदी लेबलापर्यंत जिलबीसारखी वळत गेलेली एकच खाच. तबकडी मिनिटाला 78 फेरे घेते. बाजू तीन मिनिटांची असेल तर पिन त्या एका खाचेतून 234 फेरे चालते.

ही खाच सरळ नसते. गाडीवाटेच्या चाकोरीसारखी ती डावीकडे-उजवीकडे किंचित हलत जाते. सूर मोठा असेल तर हेलकावा रुंद, सूर उंच असेल तर हेलकावे दाट. पिन त्यावरून जाताना थरथरते, ती थरथर साउंडबॉक्समधल्या अभ्रकाच्या चकतीला पोचते, चकती हवा हलवते आणि कर्णा तो आवाज मोठा करतो. वीज नको, की बॅटरी नको. चावी दिली म्हणजे झाले.

आता या खाचेत कोणाचे सूर आहेत ते पाहू. अमेरिकेत लिबराची नावाचे एक पियानोवादक होऊन गेले (1919–1987). पियानोवर मेणबत्त्यांचे झाड ठेवायचे, झगझगीत कोट घालायचा आणि लोकांच्या आवडीच्या चाली थाटात वाजवायच्या, ही त्यांची तऱ्हा. त्यांच्या तबकड्या घरोघर गेल्या. आपल्याकडे पियानो सामान्य माणसाच्या घरी कुठून असणार? पण तशाच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आपल्या पेटीला आहेत. पियानोत हातोडी तारेवर पडते, पेटीत भात्याचा वारा पितळी सुरांतून जातो, एवढाच फरक. आपले गवई आपला स्वर ‘काळी चार’, ‘पांढरी दोन’ असा सांगतात, तो या पट्ट्यांवरूनच. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला. पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर, यांच्या पेटीवादनाच्या तबकड्या तर लोकांनी हौसेने ऐकल्या. जे गवई तासभर मांडतो, ते या मंडळींना तीन मिनिटांच्या आत सुरू करून संपवावे लागे. पाल्हाळाला जागाच नाही.

आता आमच्याच घरातली एक गोष्ट सांगतो. लपवून काय उपयोग? 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली. कारण असे दिले जाई, की पेटीचे सूर ठरलेले. त्यातून मींड निघत नाही आणि बारीक श्रुती लागत नाहीत. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. पण नर्सीला किंवा औंढ्याला भजन बसले म्हणजे टाळ-पखवाजाबरोबर पेटी हवीच! लोकांनी ती खाली ठेवली नाही. बंदी सैल व्हायला 1971 साल उजाडले. मधल्या तीस वर्षांतले पेटीवादन आज ऐकायचे म्हटले, तर रेडिओच्या दप्तरात फारसे हाती लागणार नाही. तबकड्यांकडेच जावे लागते. म्हणून एखाद्या माळवदाच्या घरात, ट्रंकेच्या तळाशी पेटीवादनाची तबकडी निघाली, तर ती भंगारात घालण्याआधी थांबा. तिची दुसरी प्रत कोठे उरली असेल, याची खात्री कोणी द्यावी?

हाती आलेली तबकडी कोणत्या जातीची, हे आधी ओळखा. 78 फेऱ्यांची तबकडी बहुधा लाखेची असते. पळस, बोर, कुसुम या झाडांवर किडा जी लाख करतो, तीच ही लाख. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळलेली असते. ही तबकडी जड असते, आणि पडली की बांगडीसारखी फुटते. दुसरी जात व्हिनाइलची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची. 33⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी अमेरिकेत 1948 साली निघाली. ती हलकी, थोडी वाकणारी, आणि एका बाजूवर वीस मिनिटे किंवा जास्तही वाजणारी.

जात ओळखली म्हणजे पथ्ये कळतात. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधी लावू नका. लाख त्यात विरघळते. मऊ, जेमतेम ओलसर फडक्याने खाचेच्या दिशेने पुसा, लेबल भिजू देऊ नका आणि लगेच कोरडी करा. तबकड्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा. वैशाखातल्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेली व्हिनाइलची तबकडी पापडासारखी वाकते. चावीच्या फोनोची पोलादी पिन दर बाजूला बदला. आणि त्या फोनोवर लाँग प्ले तबकडी मुळीच लावू नका. जड पिन तिची बारीक खाच एका फेरीत खरवडून टाकील.

गुरुजी, वर्गासाठी एक प्रयोग. चित्रकलेच्या जाड कागदाचा कर्णा करा, टोकातून शिवणाची सुई घाला आणि फोनोवर फिरणाऱ्या 78 च्या तबकडीवर ती अलगद टेकवा. कागद गाऊ लागेल! मात्र तबकडी आधीच खराब झालेली घ्या. चांगली घेतलीत, तर धडा होईल आणि गाणे जाईल.

चांगली तबकडी निघाली, तर लेबलावरचे कलावंताचे नाव आणि क्रमांक वहीत उतरवून घ्या. जाणत्या माणसाकडून योग्य यंत्रावर एकदा वाजवून तिचे ध्वनिमुद्रण करून ठेवा. मुंबईत 1990 साली जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनी आपली संस्था काढली, ती याच तळमळीने. पण संग्राहक प्रत्येक गावात येऊ शकत नाही. तुमच्या ट्रंकेचे झाकण तुम्हीच उघडायला हवे.