रिकामे जाळे

प्रार्थना करूनही पदरी काही पडत नाही, तेव्हाच श्रद्धेची खरी कसोटी लागते. अशा वेळी आम्हांस भैंसा गावचा सुद्दवागू आठवतो. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे गाव २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. तेलुगूत वागू म्हणजे ओढा. हा पुढे गोदावरीस मिळतो. आज त्यावर गड्डेन्ना प्रकल्पाचा जलाशय आहे. आमच्या बालपणी तेथे केवळ डोह होते.

१९७२ च्या दुष्काळात तेही आटत चालले. घरी चूल एकवेळच पेटे. म्हणून आम्ही गळ घेऊन काठी बसत असू. एके पहाटे शेजारचे भोईकाका रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हातांनी वर आले आणि जाळे धुऊ लागले.

"काका, मासळी तर नाही, मग जाळे कशाला धुता?" आम्ही विचारले.

"उद्या यायचंय ना, बाळा!"

पुढे लूककृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचला, तेव्हा या उत्तराचा अर्थ उमगला. प्रभू येशू गनेसरेत सरोवराकाठी आला, तेव्हा रात्रभर कष्टूनही काहीच न मिळालेले कोळी जाळी धूत होते. ती तशीच टाकून पेत्र घरी गेला असता, तर खोल पाण्यात पुन्हा जाळे सोडण्याची आज्ञा कशाने पाळता?

वाचकहो, मासळी देणे प्रभूच्या हाती. जाळे धुऊन ठेवणे आपल्या हाती. निराश दिवसाच्या अखेरीस कुटुंबाने एकत्र बसून केलेली प्रार्थना म्हणजे हेच धुणे होय.