प्रकाशाचे रंग वाटताना: चार गैरसमज

इंदूरच्या एका अंगाला धार, दुसऱ्या अंगाला देवास. पवार घराण्याच्या या जुन्या राजधान्यांत आज व्हिडिओ कॉल लागो की बँकेचे पैसे वळते होवोत, माहितीचा लांबचा प्रवास बहुतांशी ऑप्टिकल फायबरमधूनच होतो. त्या फायबरमधली कोणती तरंगलांबी कोणत्या जोडणीला द्यायची, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. तो तसा नाही.

गैरसमज १: एका तंतूतून एका वेळी एकच जोडणी जाते.

वस्तुस्थिती: देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचा, म्हणजे पवारांच्या दोन शाखांचा, कारभार एकाच गावातून, पण स्वतंत्र चाले. तंतूतही तसेच घडते. १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या अदृश्य, अवरक्त पट्ट्यात ५० गिगाहर्ट्झ अंतराने ८० हून अधिक तरंगलांब्या बसतात. गणितात त्यांना सोयीसाठी रंग म्हणतात. एकाच टप्प्यावरून जाणाऱ्या दोन जोडण्यांचे रंग वेगळे हवेत, आणि जोडणीचा रंग वाटेत आपोआप बदलत नाही.

गैरसमज २: सर्वांत गजबजलेल्या टप्प्यावर जितक्या जोडण्या, तितके रंग पुरतात.

वस्तुस्थिती: सरळ मार्गावर पुरतात, कड्यावर पुरतीलच असे नाही. रस्त्यांच्या नकाशावर धार, इंदूर, देवास, उज्जैन, बदनावर आणि पुन्हा धार असे कडे होते. समजा, त्यावरून फायबर टाकली आणि पाच जोडण्या मागितल्या गेल्या, प्रत्येक मधले एक गाव ओलांडणारी. धार–देवासला (इंदूरमार्गे) लाल दिला. इंदूर–उज्जैन तिच्याशी इंदूर–देवास टप्प्यावर भिडते, म्हणून निळा. देवास–बदनावरला पुन्हा लाल, उज्जैन–धारला निळा. उरली बदनावर–इंदूर. बदनावर–धार टप्प्यावर निळा आहे, धार–इंदूरवर लाल. कुठल्याच टप्प्यावर दोनांहून जास्त जोडण्या नाहीत, तरी तिसरा रंग लागतोच.

गैरसमज ३: संगणक वेगवान असला की सर्वोत्तम, म्हणजे कमीत कमी रंगांची, वाटणी निघेलच.

वस्तुस्थिती: कड्यावरचा हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे, हे गॅरी, जॉन्सन, मिलर आणि पापादिमित्रिऊ यांनी १९८० मध्ये सिद्ध केले. म्हणजे, कितीही मोठ्या कड्यासाठी अचूक उत्तर झटपट देणारी रीत कोणालाही सापडलेली नाही. जोडण्या वाढल्या की संभाव्य वाटण्या इतक्या फुगतात की यंत्राचा वेग दुप्पट करूनही फारसे हाती लागत नाही.

गैरसमज ४: सर्वोत्तमाऐवजी त्याच्या जवळपासचे उत्तर झटपट देणारा सन्निकट अल्गोरिदम म्हणजे अंदाजपंचे काम.

वस्तुस्थिती: यात सिद्ध केलेली हमी असते. उदाहरणार्थ, वरच्या कड्यातला उज्जैन–बदनावर हा टप्पा निवडा. त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक जोडणीला स्वतःचा रंग द्या. बाकीच्यांसाठी कडे तिथे तुटलेलेच असते, म्हणजे उरतो सरळ मार्ग, आणि तिथे गर्दीइतके, म्हणजे सर्वांत गजबजलेल्या टप्प्यावरच्या जोडण्यांइतके, रंग पुरतात. एकूण रंग कमाल गर्दीच्या दुपटीपलीकडे जाऊच शकत नाहीत, आणि गर्दीपेक्षा कमी रंगांत तर कोणाचेच भागत नाही. म्हणून हे उत्तर सर्वोत्तमाच्या दुपटीच्या आतच राहते. वरच्या उदाहरणात ही रीत चार रंग वापरते. सर्वोत्तम उत्तर तीन.

धारला तरंगलांबी बदलणारे उपकरण बसवले, तर बदनावर–इंदूर जोडणी आधी लाल आणि धारनंतर निळी करता येते, आणि दोनच रंगांत काम भागते. मात्र त्या उपकरणाला पैसा आणि वीज लागते. एक जादा रंग स्वस्त पडेल की हे उपकरण, याचा हिशेब जाळे उभारणाऱ्याला करावा लागतो. आपली वाटणी सर्वोत्तमापासून जास्तीत जास्त किती दूर असेल, हे आधीच ठाऊक असले की तो हिशेब करता येतो.