कोळी गेला आणि झोप उडाली

“डॉक्टर, याला झोपेची गोळी द्या. कोळी गेल्यापासून हा झोपतच नाही.”

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. श्रीवर्धनात ‘कोळी गेला’ म्हटले की डोळ्यांसमोर जीवना बंदरच येणार. मी हळहळून विचारले, “कोण हो वहिनी? आजारी होता का?” त्या माउलीने कपाळाला हात लावला. “माणूस नव्हे हो! आठ पायांचा कोळी. काचेच्या पेटीत पाळला होता याने.” बाहेर बाकावरचे दोन पेशंट हसले. मलाही हसू आले, खोटे कशाला सांगू? पण समोरच्या मुलाचा चेहरा पाहिला आणि हसू गिळले.

मुलगा चोविशीतला. मुंबईत नोकरी, काही महिने घरूनच काम करत होता. तळहाताएवढा केसाळ परदेशी कोळी, ज्याला टॅरंटुला म्हणतात, त्याने चार वर्षे सांभाळला होता. एका सकाळी तो पाय आत मुडपून पडलेला दिसला. त्याला नऊ दिवस झाले होते. तेव्हापासून जेवण नाही, छातीत धडधड, घशाशी आंबट, रात्री टक्क जागा. तपासले. नाडी थोडी जलद, ब्लडप्रेशर ठीक, ताप नाही. आजार शरीरात नव्हता, पण त्रास शरीरालाच होत होता.

वाचकहो, दुःख झाले की शरीर त्याला संकट समजते. अॅड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल यांसारखी द्रव्ये रक्तात वाढतात. त्यामुळे छाती धडधडते, भूक मरते, झोप उडते. गेलेला जीव माणसाचा होता की किड्यामुंगीचा, हे शरीर विचारत नाही. सवय कोणाची होती, एवढेच ते जाणते. रोज रात्री पेटीत पाणी ठेवणारा हात, ती वेळ झाली की आपोआप उठतो आणि मग रिकामा राहतो.

माणूस गेला तर दहावा, तेरावा असतो. शेजारी पिठले-भात आणून देतात. ऑफिसात रजा मिळते. कुत्रा गेला तर एखादा तरी ‘अरेरे’ म्हणतो. कोळी गेला तर लोक हसतात. १९८९ साली केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने अशा दुःखाला वेगळे नाव दिले. त्याचा मराठीत अर्थ सांगायचा तर ‘मान्यता न मिळालेले दुःख’. ते कोणाला सांगता येत नाही, म्हणून आतल्या आत मुरते.

ही नव्या पिढीची थेरं आहेत असे कोणी म्हणेल, तर आपला इतिहास पाहावा. आपल्या श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथांना १७१३ साली पेशवेपद देणारे शाहू महाराज. त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, असे सांगतात. छत्रपतींना ज्याची लाज वाटली नाही, त्याची आपण का बाळगावी? आणि फार मागे कशाला जायचे? ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ आपल्या अंगावर आले. त्यानंतर दवाखान्यात येणारे बागायतदार पडलेल्या पोफळी आणि माड मोजून सांगत. गोठ्याखाली गेलेल्या गाईचा विषय निघाला की मात्र त्यांना पुढे बोलवत नसे.

मी त्या मुलाला गोळी दिली नाही. “तुझ्या कोळ्याबद्दल सांग,” म्हटले. तो वीस मिनिटे बोलला. विकणाऱ्याने मादी म्हणून दिली होती. या जातीच्या माद्या वीस-वीस वर्षेही जगतात, म्हणून मरण त्याच्या ध्यानीमनी नव्हते. कोळी कात टाकतो तेव्हा उताणा पडून राहतो. यानेही कातच टाकली असेल, या आशेवर दोन दिवस पेटी उघडली नव्हती.

“पण तो उताणा नव्हता. पाय आत वळले होते,” तो म्हणाला. कोळ्याला पाय लांब करायला स्नायू पुरत नाहीत. आतल्या द्रवाच्या दाबाने ते ताठतात. जीव गेला की दाब जातो आणि पाय मुठीसारखे मिटतात.

मग मान खाली घालून म्हणाला, “शेवटची कात टाकल्यावर पुढच्या पायांना आकडे आले होते. म्हणजे तो नर होता. मला तेव्हाच कळायला हवे होते.” या कोळ्यांचे नर वयात आल्यावर फार जगत नाहीत. काही महिने, फार तर वर्ष-दीड वर्ष. इथे कात टाकून आठ महिने झाले होते.

तो बाहेर गेल्यावर आई थांबली. आवाज बारीक करून म्हणाली, “डॉक्टर, डास फार झाले होते. आदल्या दिवशी मी त्या खोलीत फवारा मारला होता. त्याला सांगितले नाही.” कीटकनाशकाने कोळी मरू शकतो, हे खरे. आणि त्याचे वय झाले होते, हेही खरे. मी त्यांना खरे तेच सांगितले, “कशाने गेला ते आता कोणालाच सांगता येणार नाही. पण तुम्ही त्याच्याशी बोला. तो तुमच्यावर संशय घेतो आहे, आणि तुम्ही स्वतःवर.” त्या संध्याकाळी त्यांनी मुलाला सांगितले. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी दोघांनी मिळून कोळी वाडीत पोफळीखाली पुरला. आठवड्याने मुलगा आला तेव्हा पाच तास झोपत होता. मला तेवढे पुरे वाटले.

आता आपल्या घरी असा प्रसंग आला तर काय करावे?

पाळीव जीव अचानक गेला की ‘माझेच चुकले’ हा विचार पाठ सोडत नाही. म्हणून मरणाचे कारण जाणकाराला विचारावे. कुत्रा, मांजर, गुरे यांसाठी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. कारण कळले तर बरे, न कळले तर तसे मान्य करावे.

मृत जनावर उघड्या हातांनी उचलू नये. पावसाळ्यात जनावराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून हातमोजे घालावेत आणि विहिरीपासून लांब, खोल पुरावे. टॅरंटुलाच्या अंगावरचे बारीक केस डोळ्यांना आणि कातडीला खाज आणतात. कुत्रा पिसाळलेला असल्याची शंका असेल आणि तो कोणाला चावला असेल, किंवा त्याची लाळ जखमेला लागली असेल, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी.

लहान मुलांना ‘तो झोपला’ असे सांगू नये. मूल झोपायलाच घाबरते. ‘तो मेला, आता परत येणार नाही’ असे साध्या शब्दांत सांगावे आणि रडू द्यावे. दुसऱ्याच दिवशी नवे पिल्लू आणण्याची घाई करू नये.

झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नयेत. उठण्या-जेवणाच्या वेळा पाळाव्यात, संध्याकाळी समुद्रावर चालून यावे, दुपारनंतर चहा टाळावा.

वयस्कर माणसाच्या छातीत दुखू लागले, तर ‘दुःखाने होते’ म्हणून घरी बसू नये. मोठ्या धक्क्याने हृदयाचा एक कप्पा तात्पुरता फुगतो आणि हार्ट अॅटॅकसारखीच लक्षणे दिसतात. हा विकार जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास प्रथम वर्णिला. लाडका कुत्रा गेल्यावर टेक्सासमधील एका बाईंना तो झाल्याची नोंद २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली आहे. अॅटॅक की हा विकार, हे तपासणीनेच कळते.

दोन-तीन आठवड्यांनीही खाणे, झोप, काम रुळावर आले नाही, तर डॉक्टरांना भेटावे. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, आणि तिथे मराठीतही बोलता येते.

आणि उरलेल्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, एवढेच करावे. कोणी म्हणाले, ‘आमचा पोपट गेला, मासा गेला, कोळी गेला,’ तर हसण्याआधी विचारावे, ‘कधी? कसा?’ आणि पुढचे ऐकून घ्यावे.