खटका कुठे बसवायचा?

बाईकच्या उजव्या मुठीजवळचं ते लाल बटण आपण सगळेच ओळखतो. किल्लीला हात न लावता ते दाबलं की इंजिन बंद. त्यालाच म्हणतात किल स्विच. मराठीत त्याला साधं 'खटका' म्हणू या. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये असा खटका सहसा कारखान्यातून येत नसे. त्यामुळे अशा गाड्या जपणारे तो मागाहून बसवून घेतात आणि तिथेच वाद सुरू होतो: बसवायचा कुठे? कुणी म्हणतं लपवा, कुणी म्हणतं समोर ठेवा. दोघांचंही बरोबर असतं, कारण दोघांच्या मनात खटक्याचं काम वेगळं असतं.

उदाहरणासाठी एमजीबी घेऊ. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन इथे १९६२ ते १९८० या काळात या गाड्या तयार झाल्या, पाच लाखांहून जास्त. सुरुवातीच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, फळीखाली असत. फ्यूज फक्त दोन. हेडलाइट आणि इग्निशनच्या तारांना तर फ्यूजच नव्हता. आता पन्नास-साठ वर्षांनी त्या तारांवरचं आवरण कडक होऊन तडकलेलं असू शकतं. अशी उघडी तार बॉडीला टेकली, तर ती तापून लाल होईपर्यंत तिला अडवणारं मध्ये कुणीच नाही.

पहिलं काम: उभी गाडी

गाडी आठवडेच्या आठवडे गॅरेजमध्ये उभी असते. बॅटरी हळूहळू उतरू नये आणि रात्री-अपरात्री शॉर्टसर्किट होऊ नये, एवढंच इथे हवं. असा खटका बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. स्टार्टर सहज दीडशे अँपिअर ओढतो. २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल दोन मीटर वाढवली तर सुमारे ०.२ व्होल्ट वाया जातात. तीच केबल ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर जवळजवळ ०.९ व्होल्ट. मग थंड सकाळी स्टार्टर नुसता कण्हत बसतो.

खटका बॅटरीच्या अर्थिंगच्या बाजूला बसवावा. काम करताना पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. पण इथे एक मेख आहे. १९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, नंतर ऋण टोक जोडायला लागले. म्हणून 'काळी तार म्हणजे अर्थ' असं धरून चालू नये. कोणती तार बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी बघावं.

आणि फळीखाली, थेट बॅटरीवर खटका बसवला तर घाईच्या वेळी आधी सामान हलवा, मग फळी उघडा! त्यापेक्षा सीटच्या मागे, हात पोचेल अशा जागी बसवलेला बरा.

दुसरं काम: चोर

इथे जाड केबल तोडायची गरज नाही. इग्निशन कॉइलला जाणारी बारीक तार तोडली तरी पुरे. स्टार्टर फिरतो, इंजिन मात्र सुरू होत नाही. चोराला वाटतं, जुनी गाडी, रुसली असेल! काही जण त्याऐवजी पेट्रोल पंपाची तार तोडतात. पण कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल शिल्लक असतंच. त्यावर गाडी सुरू होते, थोडी पुढे जाते आणि भर रस्त्यात बंद पडते. मागून येणाऱ्या निरपराध माणसाचा विचार केला तर कॉइलच बरी.

जागा अशी हवी की आपला हात सवयीने जाईल, पण परक्याची नजर जाणार नाही. गुडघा किंवा पिशवी लागून खटका पडेल अशी जागा टाळावी. हलक्या प्रतीचा स्विच किंवा ढिला जोड तर अजिबात नको. ओव्हरटेक करताना इंजिन गेलं तर चोरी परवडली म्हणायची वेळ येईल. आणि ही जागा घरातल्या एका तरी माणसाला माहीत असू द्या.

तिसरं काम: आग आणि अपघात

इथे सगळं उलटं होतं. खटका लपवायचा नाही, ओरडून दाखवायचा. गाडी उलटली, चालक बेशुद्ध आहे, पेट्रोल गळतंय. अशा वेळी तो फिरवणारा माणूस अनोळखी असतो आणि त्याच्या हातात काही सेकंदच असतात. म्हणून शर्यतींसाठी एफआयएचा नियम आहे की खटका आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून चालला पाहिजे. बंद टपाच्या गाडीत बाहेरची जागा पुढच्या काचेच्या खांबाच्या पायथ्याशी. तिथे पांढऱ्या कडेचा निळा त्रिकोण आणि त्यात लाल वीज. त्रिकोणाचा पाया किमान १२ सेंटिमीटर. भाषा कोणतीही असो, खूण कळते.

आता बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली गोष्ट. चालू इंजिनची फक्त बॅटरी तोडली तर इंजिन थांबेलच असं नाही, कारण अल्टरनेटर वीज बनवतच राहतो. शिवाय अचानक दाब वाढून त्याचे डायोड जळू शकतात. म्हणून शर्यतीच्या खटक्याला सहा टोकं असतात. दोन जाड टोकं बॅटरीची, दोन इग्निशन तोडणारी आणि दोन अल्टरनेटरची वीज रेझिस्टरमधून सुरक्षितपणे जमिनीत सोडणारी. 'जमीन' म्हणजे इथे गाडीची बॉडी, बरं का.

मग करायचं काय?

चोरासाठीचा खटका लपलेला हवा आणि आगीसाठीचा उघडा. एकाच खटक्याकडून दोन्ही कामं होणार नाहीत. जागा निवडताना तो कोण फिरवणार, हे आधी ठरवा. मालक एकटा, की वाटेवरचा कुणीही? दोन्ही गरजा असतील तर दोन खटके बसवा. खर्च थोडा वाढेल, इतकंच.

बसवून झाल्यावर मोकळ्या जागेत दोन चाचण्या घ्या. सीटबेल्ट लावून, डोळे मिटून हात खटक्यापर्यंत जातो का ते बघा. मग सहा टोकांचा खटका असेल तर इंजिन चालू ठेवून, गाडी कधी न पाहिलेल्या मित्राला बाहेरून तो शोधून फिरवायला सांगा. त्याला तो चटकन सापडला आणि इंजिन थांबलं, तर जागा बरोबर आहे. नाहीतर पुन्हा ड्रिल मशीन काढा.