पेटीतला मोबाईल

कला शाखेच्या विद्यार्थ्याने बॅटरीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु विषय मला रसायनशास्त्राच्या पुस्तकात नव्हे, आमच्या मसोलीतल्या घरात भेटला. माझे वडील गुजरातच्या बोटीवर खलाशी आहेत. पावसाळा सरताना ते जातात, ते मे महिन्यातच परततात. खोल समुद्रात रेंज नसते आणि खारे पाणी तर सगळीकडेच. म्हणून ते बटणाचा साधा फोन सोबत नेतात आणि स्मार्टफोन घरच्या पत्र्याच्या पेटीत राहतो. डहाणू-तलासरीत अशी घरे पुष्कळ आहेत. शिवाय २०२० साली शाळा बंद पडल्यावर मुलांसाठी उधार-उसनवार करून घेतलेले फोनही कित्येक घरांत धाकट्या भावंडासाठी राखून ठेवलेले दिसतात. फोन म्हणजे आमच्यासारख्यांची महिना-दीड महिन्याची मजुरी. तो ठेवून ठेवून मेला, तर ती मजुरी गेली.

वडिलांचे म्हणणे असे की, ठेवायचा तर बॅटरी पूर्ण भरून ठेवावी. ते अगदीच निराधार नव्हे. बोटीवरची किंवा ट्रॅक्टरची ॲसिडची बॅटरी भरूनच ठेवावी लागते. ती उतरलेली राहिली की आतील शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. शेजारचे एक काका याच्या उलट सांगतात, बॅटरी पार उतरवूनच पुन्हा भरावी. तो नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा. दोघांचेही अनुभव खरे, पण बॅटऱ्या वेगळ्या.

मोबाईलमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी. सोनी कंपनीने ती प्रथम १९९१ साली बाजारात आणली. (डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून केंद्र सरकारने जाहीर केला, तेही त्याच वर्षी!) या बॅटरीच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते.

हिच्या आत लिथियमचे कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ये-जा करतात. चार्ज करताना ते ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परततात. बॅटरी पूर्ण भरली की तिचा दाब ४.२ व्होल्ट किंवा त्याहून थोडा अधिक होतो. त्या दाबाला आतील द्रव हळूहळू विघटित होतो आणि ग्रॅफाइटवरचा थर जाड होत जातो. त्या थरात अडकलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही. खाडीत नांगरलेल्या होडीचा दोर रात्रंदिवस ताणलेला राहिला तर त्याचे पीळ सुटू लागतात, तसेच काहीसे हे. उष्णतेने ही झीज फार वाढते. म्हणजे भरलेला फोन एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवणे हे सर्वांत वाईट.

मग रिकामा ठेवावा काय? तेही नाही. बंद फोनची बॅटरीही दरमहा थोडी थोडी उतरतच असते. दाब फारच खाली गेला की आतील तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो, आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबे भलत्याच जागी साचून आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. म्हणून बॅटरीतील संरक्षक सर्किट अशा वेळी चार्जिंगच नाकारते. बाजारात अशा बॅटरीला ‘शॉक’ देऊन जागे करून देणारे भेटतात. माझे स्पष्ट मत आहे की, त्या वाटेला जाऊ नये.

ॲपल कंपनीचा सल्ला असा: बॅटरी सुमारे ५० टक्के ठेवावी, फोन बंद करावा, ३२ अंशांपेक्षा कमी तापमानात ठेवावा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा ५० टक्क्यांपर्यंत भरावा. अन्य कंपन्यांच्या फोनमध्येही बॅटरी याच जातीची, तेव्हा नियम तोच. ३२ अंशांचे मात्र आपल्याकडे हसूच येते. आमच्या घरी मी फोन पेटीतून काढून कुडाच्या भिंतीच्या कोनाड्यात, चुलीपासून दूर, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवतो आणि सहाऐवजी तीन महिन्यांनी पाहतो. फ्रिजमध्ये ठेवू नये. बाहेर काढताच आत दव धरते.

एक गोष्ट बॅटरीबाहेरची. सिमकार्ड फोनमध्ये तसेच ठेवून दिले आणि ९० दिवस वापरच झाला नाही, तर नंबर बंद होऊ शकतो. शिष्यवृत्तीचा, बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येत असतो, हे आपल्या वर्गातील पुष्कळांना सांगायला नकोच. सिम काढून चालू फोनमध्ये घालावे.

आणि ठेवलेल्या फोनची पाठ फुगलेली दिसली, तर तो चार्जिंगला लावू नये, बॅटरी दाबू किंवा टोचू नये, चुलीत वा उकिरड्यावर टाकू नये. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती कंपनीच्या सेवा केंद्रात नेऊन द्यावी.