तीन ठिपके आणि एक पेटी

जुन्या वस्तू जमविण्याचा नाद आपल्याकडे अनेकांना असतो. पुण्यास जाऊन आलेल्या पुष्कळांनी राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिवे आणि अडकित्ते पाहिलेले असतील. एका माणसाच्या हौसेतून जमलेला तो सारा संसार आहे. तेथील अडकित्त्यापुढे उभे राहिले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. तो कपाटातून काढून हातात दिला तर आजही सुपारी कातरील. त्याला आणखी काही लागत नाही. मी येथे ज्या संग्रहाविषयी लिहिणार आहे त्यातील वस्तू अडकित्त्याच्या मानाने अगदी कालच्या, जेमतेम पन्नाशी उलटलेल्या आहेत. पण त्या चालत्या ठेवणे हे भलतेच जिकिरीचे काम आहे. या वस्तू म्हणजे व्हिडिओ गेम.

आमच्या वर्गात एकदा मी सहज विचारले होते, ‘तुमच्या घरातला सर्वांत जुना व्हिडिओ गेम कोणता?’ बहुतेकांची उत्तरे सारखीच आली. वडिलांच्या किंवा मामाच्या लहानपणचा, दूरदर्शन संचाला जोडावयाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात खुपसावयाची पिवळी कॅसेट. हे डबे म्हणजे निंटेंडो या जपानी कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राच्या नकला. आपल्याकडे ते १९९० नंतरच्या दशकात घरोघरी आले. आमच्या माळ्यावरही एक आहे. तो चालत नाही, पण टाकून द्यायला वडील तयार नाहीत.

मग मला प्रश्न पडला, की एखाद्याच्या घरी असू शकेल असा जगातला सर्वांत जुना व्हिडिओ गेम कोणता? येथे थोडी चाळणी लावावी लागते. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९५८ साली विल्यम हिगिनबॉथम यांनी टेनिसचा एक खेळ दाखविला होता आणि १९६२ साली एम. आय. टी. मध्ये ‘स्पेसवॉर’ हा अवकाशयुद्धाचा खेळ तयार झाला. पण ती प्रयोगशाळांतील अवजड यंत्रे. ती कोणाच्या दिवाणखान्यात येण्याचा संभव नव्हता. १९७१ चा ‘कॉम्प्युटर स्पेस’ हा नाणे टाकून खेळावयाचा खेळ काही हौशी संग्राहकांकडे आहे, पण तो कपाटाएवढा. घरी खेळण्यासाठी म्हणून दुकानात विकला गेलेला पहिला व्हिडिओ गेम म्हणजे मॅग्नाव्हॉक्स कंपनीची ‘ओडिसी’. तिचे साल १९७२. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. म्हणजे महाराष्ट्रात पडद्यावर चित्र कसे दिसते हे लोक प्रथम डोळे विस्फारून पाहत होते, तेव्हा तिकडे तेच चित्र आपल्या हाताने हलविण्याचे यंत्र शंभर डॉलरला मिळू लागले होते.

ही ओडिसी मी प्रत्यक्ष पाहिली आणि खेळलो, ती न्यू जर्सीत. माझी आत्या तेथे राहते. सुटीत तिच्याकडे गेलो असता माझा हा नाद तिच्या शेजाऱ्यांच्या कानी गेला, आणि ते मला त्यांच्या तळघरात घेऊन गेले. गृहस्थ साठी ओलांडलेले. १९७२ च्या नाताळात वडिलांनी ही पेटी घरी आणली तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांची बहीण नऊ वर्षांची. पुढे त्यांच्याजवळ अटारीची यंत्रे आली, कॅसेटी शेकड्यांनी जमल्या. त्या सगळ्या फळ्यांवर ओळीने लावलेल्या आहेत. ओडिसी मात्र मूळच्या खोक्यातच आहे.

त्यांनी खोके उघडले आणि माझी जरा निराशाच झाली. आत एक पांढरे-काळे यंत्र, दोन खेळाडूंसाठी गोल बटणे बसविलेले दोन ठोकळे, एवढे ठीक; पण बाकी सगळा पसारा पत्त्यांचा, फाशांचा, खोट्या नोटांचा, प्लॅस्टिकच्या चकत्यांचा आणि गुण मांडण्याच्या पाट्यांचा. त्याखाली रंगीत चित्रे छापलेले पारदर्शक प्लॅस्टिकचे मोठे कागद. मला वाटले, दुसऱ्याच कुठल्या खेळाचे सामान यात मिसळले असावे. तसे नव्हते. हा पसारा म्हणजेच खेळ होता.

याचे कारण समजण्यासाठी ओडिसी पडद्यावर काय दाखवू शकते ते पाहावे लागेल. तीन पांढरे चौकोनी ठिपके आणि एक उभी रेघ, बस्स. रंग नाही, आवाज नाही, गुण मोजण्याची सोय नाही. आत संगणकाची चिप नाही. चाळीसएक ट्रान्झिस्टर आणि तितकेच डायोड यांवर सारा कारभार चालतो.

हा कारभार मोठा गमतीचा आहे. जुन्या काचेच्या नळीच्या संचात चित्र एकदम उमटत नाही. इलेक्ट्रॉनांचा एक झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे रेघा ओढीत वरून खाली येतो. अमेरिकी पद्धतीत अशा ५२५ रेघांचे एक चित्र, आणि सेकंदाला तीस चित्रे. शेतात एखादा माणूस पाभर घेऊन तास घालीत चालला आहे अशी कल्पना करा. बांधावर उभा राहून आपण त्याला सांगितले, ‘प्रत्येक तासाला वीस पावले गेल्यावर दोन पावले तेवढी पेर, बाकी मोकळे सोड’, आणि हे दहाव्या तासापासून बाराव्या तासापर्यंतच करावयाचे, तर रानात एक लहानसा चौकोन उगवेल. वीसऐवजी तीस पावले सांगितली की चौकोन उजवीकडे सरकेल. ओडिसी नेमके हेच करते. खेळाडूने बटण पिळले की किती वेळाने ‘पेर’ म्हणावयाचे तो अवधी वाढतो किंवा घटतो, आणि ठिपका सरकतो. चेंडूचा ठिपका आणि खेळाडूचा ठिपका यांच्या ‘पेर’चा क्षण एकच आला, की यंत्र समजते टक्कर झाली, आणि चेंडूची दिशा फिरविते. मला हे समजले तेव्हा मी दोन वेळा मोठ्याने ‘अरे!’ म्हणालो, शेजाऱ्यांना वाटले मला विजेचा झटका बसला.

ही कल्पना राल्फ बेअर यांची. १९२२ साली जर्मनीत जन्मलेले हे यहुदी गृहस्थ १९३८ मध्ये कुटुंबासह नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेस आले. सँडर्स असोसिएट्स या लष्करी उपकरणे बनविणाऱ्या कंपनीत ते अभियंता होते. १९६६ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या एका बस स्थानकाबाहेर सहकाऱ्याची वाट पाहत असता त्यांनी काही टिपणे केली आणि १ सप्टेंबरला त्यांवरून चार पानांचा मजकूर लिहून काढला. घरोघरी असलेल्या संचांचा उपयोग केवळ पाहण्याखेरीज आणखी कशासाठी करता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. बिल हॅरिसन आणि बिल रश या दोघांच्या मदतीने १९६८ पर्यंत जो नमुना तयार झाला त्यावर लाकडी नक्षीचा चिकट कागद डकविलेला होता, म्हणून त्याचे नाव ‘ब्राउन बॉक्स’. तो बेअर यांनी २००६ साली स्मिथ्सोनियन संस्थेला दिला. २०१४ मध्ये ते वारले.

आता पेटीतल्या पसाऱ्याकडे वळू. तीन ठिपक्यांत घर दाखविता येत नाही, डोंगर दाखविता येत नाही. म्हणून ते प्लॅस्टिकच्या कागदावर छापले. हा कागद संचाच्या काचेवर लावावयाचा. काचेवरील स्थिर विजेने तो चिकटून राहतो. मी यास पट म्हणतो, सारीपाटातला पट. संचांचे आकार निरनिराळे, म्हणून प्रत्येक पट लहान व मोठा अशा दोन मापांत दिलेला. बर्फावर घसरण्याच्या खेळाचा पट लावला की त्याच्या वाटेवरून ठिपका खाली न्यावयाचा. वाट सोडली तर यंत्राला कळत नाही. ते दुसऱ्या खेळाडूने पाहावयाचे आणि पहिल्याने प्रामाणिकपणे कबूल करावयाचे. ‘स्टेट्स’ नावाच्या खेळात अमेरिकेचा नकाशा आणि प्रश्नांची पत्रे. ‘हाँटेड हाउस’मध्ये झपाटलेला वाडा आणि त्याच्या खिडक्यांमागे दडलेला ठिपका, म्हणजे भूत. नियम पुस्तिकेत, गुण पाटीवर, दान फाशांवर. यंत्राच्या वाट्याला फक्त उजेड.

यंत्रात खुपसावयाची जी पत्रे आहेत त्यांविषयी माझा जो गैरसमज होता तो सांगितला पाहिजे, कारण तो पुष्कळांचा असेल. मला वाटले, या म्हणजे पहिल्या कॅसेटी. खेळ यांच्यात भरलेला असणार. अटारीच्या १९७७ च्या यंत्राच्या कॅसेटीत तो खरोखरच असतो. तिच्यात स्मृतीची चिप असते आणि आरंभीच्या कॅसेटीत चार किलोबाइटपर्यंत मजकूर मावे. ओडिसीच्या पत्रात स्मृती मुळीच नाही. त्यात तांब्याच्या काही जोडण्या आहेत, इतकेच. हे पत्र घातले की अमुक तारा जुळतात आणि यंत्र चालू होते. ते घातले की तमुक जुळतात आणि एक ठिपका दुसऱ्यास भिडताच नाहीसा होतो. सहा पत्रांवर बारा खेळ निघाले ते पट बदलून.

ओडिसी साडेतीन लाखांच्या आसपास खपली. ती मॅग्नाव्हॉक्सच्या दुकानांतूनच मिळे, त्यामुळे याच कंपनीचा संच घरी असावा लागतो असा लोकांचा ग्रह झाला व विक्रीस फटका बसला. तिच्यातील टेबल टेनिस १९७२ च्या मे महिन्यात एका प्रदर्शनात नोलन बुशनेल यांनी पाहिले आणि पुढे त्यांच्या अटारी कंपनीने ‘पाँग’ काढला. त्यावरून झालेला खटला १९७६ मध्ये तडजोडीने मिटला. पाँग जगाला ठाऊक आहे, ओडिसी संग्राहकांना. त्याबद्दल तळघरात मला बरेच ऐकावे लागले, पण तो विषय येथे वाढवीत नाही.

मला अधिक महत्त्वाचे वाटले ते हे, की अशा पेटीतले आधी काय मरते? यंत्र सहसा मरत नाही. सेलच्या कप्प्यात सहा जाड सेल विसरले तर पाझरून पत्रे गंजतात; ते घासून काढता येतात. पण ओडिसीचा संकेत नव्या सपाट संचांपैकी पुष्कळांना धड पकडता येत नाही, आणि पकडला तरी त्या संचांवर पट काचेला चिकटावा तसा चिकटत नाही. म्हणून शेजाऱ्यांनी एकोणीस इंची जुना संच सांभाळून ठेवला आहे. तो गेला की दुसरा शोधणे आले. पट दुमडतात, फाटतात. फासे सोफ्याखाली जातात. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली मोजून सांगितले, की २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. ते खेळावयाचे तर अशा तळघरांचाच आधार. आणि संग्राहकांच्या बाजारात भाव मिळतो तो ‘पूर्ण पेटी’ला, एक पट कमी असला की किंमत उतरली.

शेजाऱ्यांच्या पेटीत दोन पट कमी आहेत आणि एक जास्त आहे. जास्तीचा पट त्यांच्या बहिणीने केलेला. मूळ पट फाटल्यावर तिने साध्या पारदर्शक प्लॅस्टिकवर शाईच्या पेनाने एक रस्ता, सहा घरे आणि कुत्र्याचे खुराडे काढले. एक ठिपका टपालवाला, दुसरा कुत्रा. एका खरेदीदाराने पेटी पाहताना हा पट बाजूला सारून ‘हा यातला नाही’ असे म्हटले होते. पेटी विकण्याचा विचार त्यांनी त्याच दिवशी सोडला.

आम्ही तो पट काचेवर लावला. शाई पुसट झाली आहे, पण घरे दिसतात. पंचाईत अशी, की नियमांचा कागद हरवलेला. फासा टाकून येईल त्या क्रमांकाच्या घरी पत्र पोचवावयाचे, एवढे त्यांना आठवत होते. कुत्र्याने खुराड्यातून बाहेर केव्हा यावयाचे? ते म्हणाले, सुरुवातीपासून. तसे खेळून पाहिले तर माझा टपालवाला एकदाही दुसऱ्या घरापलीकडे गेला नाही. तेव्हा त्यांनी ॲरिझोनात बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, तिसरे पत्र पडेपर्यंत कुत्रा बांधलेला असे. तसे खेळलो तर कुत्रा सारखा हरू लागला. पुन्हा फोन. त्या काळी कुत्रा कोण होत असे, असे मी विचारावयास सांगितले. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज आला. कुत्रा नेहमी भाऊच होई, आणि नियम तिने केलेले होते.

त्यांनी दोन्ही नियम एका कोऱ्या कागदावर लिहिले, एकासमोर बहिणीचे नाव घातले व दुसऱ्यासमोर आपले, आणि तो कागद त्या पटाबरोबर गुंडाळून खोक्यात ठेवला.